एक तुकडा सलाईनमध्ये

माझ्या धाकट्या भावाला मानेच्या गाठीचा टीबी झाला होता. त्याच वर्षी अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, छातीचा टीबी निघाला. दोघंही आता बरे आहेत. घर एकच, रोग एकच, गोळ्याही त्याच. तरी अण्णांचं सगळं सरळ पार पडलं आणि भावाच्या बाबतीत आम्ही तीन-चार महिने चाचपडत होतो. फरक पडला तो तपासणीमुळे. कुणाच्या घरी अशी वेळ आली तर उपयोग होईल म्हणून घडलं तसं लिहिते.

आमचं माहेर सातारा जिल्ह्यात. मी लग्न होऊन त्याच तालुक्यात आहे, त्यामुळे दवाखान्याची धावपळ बहुतेक माझ्याकडेच असते. भाऊ चाकणला एका कंपनीत कंत्राटावर आहे. चार पोरं मिळून एका खोलीत राहतात. २०२४ च्या पावसाळ्यात दाढी करताना त्याच्या हाताला कानाखाली, जरा मागच्या बाजूला, गाठ लागली. दुखत नव्हती. तिथल्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. गाठ तशीच. दुसऱ्या डॉक्टरांनी दात बघायला सांगितले. एक दाढ किडलेली निघाली, ती काढली. दाढ गेली, गाठ राहिली.

गणपतीला तो घरी आला तेव्हा गाठ सुपारीएवढी झाली होती. संध्याकाळी अंग तापायचं. शर्टाची कॉलर सैल दिसत होती. आत्या आली होती. तिने हात लावून बघितलं आणि म्हणाली, "ही गंडमाळ आहे. कांचनाराची साल उगाळून लावा." आईने लावलीही. मी काही बोलले नाही, पण विसर्जन झाल्याझाल्या त्याला तालुक्याला डॉक्टरांकडे घेऊन गेले.

तिथे छातीचा एक्स-रे काढला. स्वच्छ होता. थुंकी तपासली. भावाला खोकला नव्हताच, त्यामुळे डबीत नुसती लाळ गेली आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला. मग रक्ताची 'टीबी गोल्ड' तपासणी सांगितली. तिला दोन हजारांच्या वर गेले. ती पॉझिटिव्ह आली आणि आम्ही घाबरलो. नंतर कळलं, की ही तपासणी फक्त एवढंच सांगते की टीबीचा जंतू कधीतरी शरीरात शिरलाय. आत्ता आजार आहे की नाही, ते ती सांगत नाही. आपल्याकडे कितीतरी धडधाकट माणसांची ती पॉझिटिव्ह येते. ज्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं, तो प्रश्न त्या तपासणीचा नव्हताच. रक्तातल्या अँटिबॉडी बघून टीबी ठरवणाऱ्या जुन्या तपासण्यांवर तर सरकारने २०१२ मध्येच बंदी घातली आहे. ही त्यातली नाही, पण रक्तावरून टीबी कळतो ही समजूत काही लोकांच्या मनातून गेलेली नाही. डॉक्टरांच्याही.

डॉक्टर म्हणाले, गाठ काढून तपासायला पाठवू. जवळच्या शहरातल्या एका खाजगी हॉस्पिटलात ऑपरेशन ठरलं. तासाभरात उरकलं. थिएटरच्या दारातून सिस्टर बाहेर आल्या आणि माझ्या हातात एक डबी दिली. प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची, वर भावाचं नाव लिहिलेली पट्टी. आत पाण्यासारखं काहीतरी आणि त्यात बुडालेली गाठ. मधोमध कापलेली होती. कडेने करडी आणि आत खरवसासारखं पांढरं-पिवळं. झाकणाच्या कडेला ओल होती. तिचा वास नाकात गेला आणि डोळ्यांतून पाणी आलं. "समोरच्या लॅबमध्ये द्या आणि पावती घ्या," सिस्टर म्हणाल्या. मी दिली, पावती घेतली. ते पाणी म्हणजे फॉर्मॅलिन.

आठवड्याने रिपोर्ट आला. डॉक्टरांनी वाचून सांगितलं, की गाठीत टीबीमध्ये दिसतात तशा पेशी आहेत, आतला भाग सडलेला आहे, पण जंतू प्रत्यक्ष दिसले नाहीत. चित्र टीबीचंच आहे. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. त्यात चूक काही नव्हतं. असा रिपोर्ट आल्यावर कुणीही औषध सुरूच केलं असतं.

दोन दिवसांनी मला फोन आला. "टीबी विभागातून बोलतोय." हॉस्पिटलने भावाचं नाव सरकारी नोंदीत भरलं होतं. टीबीचा रुग्ण खाजगीत निघाला तरी सरकारला कळवायचा, हा नियम २०१२ पासून आहे. फोनवर तालुक्याचे उपचार पर्यवेक्षक होते. आम्ही पुढे त्यांना 'टीबीचे साहेब' म्हणायला लागलो. मला आधी वाटलं, आता चौकशी करतील, गावात बोभाटा होईल. तसं काही झालं नाही. गोळ्या सरकारकडून फुकट मिळतील म्हणाले. मग विचारलं, "गाठीचं सीबीनॅट झालंय का?"

मी म्हटलं, "म्हणजे काय?"

त्यांनी सांगितलं. गाठीचा तुकडा किंवा पू एका मशीनमध्ये घालतात. ते मशीन टीबीच्या जंतूचं डीएनए शोधतं. शिवाय रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध या जंतूवर चालेल की नाही, तेही सांगतं. दोन तासांत. सरकारी दवाखान्यात पैसे पडत नाहीत.

"तुकडा कशात ठेवला होता?" त्यांनी विचारलं. मी वासाचं सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग तो गेला." रागावले नव्हते. हे उत्तर त्यांनी आधीही बऱ्याचदा ऐकलं असावं.

तरी मी दुसऱ्या दिवशी त्या लॅबमध्ये गेले. थोडासा तुकडा राहिलाय का, म्हणून विचारलं. तिथल्या मुलाने मेणाची छोटी वडी दाखवली. सगळी गाठ त्यात गेली होती. "ब्लॉक हवा तर न्या, पण त्या मशीनला हा चालत नाही," तो म्हणाला. फॉर्मॅलिनमुळे पेशी टिकतात आणि त्यांचे पातळ काप करून बघता येतात. पण जंतू मरतो, म्हणजे कल्चरमध्ये, जिथे जंतू वाढवून बघतात, तिथे तो वाढत नाही. डीएनएही खराब होतं. मशीनसाठी आणि कल्चरसाठी तुकडा नॉर्मल सलाईनमध्ये ठेवावा लागतो. हाताला लावतात त्याच बाटलीतलं मीठपाणी. गाठ मधोमध कापलेली मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती. अर्धी या डबीत आणि अर्धी त्या डबीत, एवढंच करायचं होतं. सलाईनच्या बाटल्या त्या हॉस्पिटलात खोल्याखोल्यांतून टांगलेल्या होत्या.

हे काही नवीन ज्ञान नाही. फुफ्फुसाबाहेरच्या टीबीसाठी आपल्या देशाचे नियम २०१६ मध्ये छापले गेले आणि त्यात गाठीच्या नमुन्यावर ही तपासणी करा असं आहे. टीबी निघालेल्या प्रत्येकाची निदान रिफाम्पिसिनपुरती तपासणी व्हावी, हा कार्यक्रम २०१८ पासून देशभर आहे. मी हे सगळं नंतर वाचलं. तेव्हा फक्त एवढं कळत होतं, की कुठलं तरी पान वगळून आपण पुढे गेलोय.

दसऱ्याच्या आधी भावाच्या गोळ्या सुरू झाल्या. वजनावर ठरतात. त्याचं वजन ५४ किलो, म्हणून रोज चार, एकदम, सकाळी. पहिल्याच दिवशी लघवी केशरी झाली आणि तो ओरडत बाहेर आला. साहेबांनी हे सांगितलं होतं, पण ते मला, त्याला नाही. रिफाम्पिसिनने तसं होतं, काळजीचं नसतं.

साहेब घरी आले तेव्हा त्यांनी आणखी एक गोष्ट विचारली. "घरात कुणाला खोकला आहे का?" गाठीचा टीबी एकाचा दुसऱ्याला होत नाही. पण गाठीत जंतू आला तो श्वासातूनच आलेला असतो, म्हणजे आसपास कुणीतरी खोकणारं असण्याची शक्यता असते. चाकणच्या खोलीतल्या पोरांचीही तपासणी लावू म्हणाले. आम्ही सगळे त्या खोलीबद्दलच बोलत होतो. तेवढ्यात आतल्या खोलीतून अण्णा खोकले.

अण्णांचा खोकला घरात इतका मुरला होता की तो आम्हाला ऐकूच येत नव्हता. वय सदुसष्ट, साखर जुनी, बिडी दहा वर्षांपूर्वी सोडलेली. खोकला बिडीचाच, असं सगळे धरून चाललेले. शिवाय त्याच वर्षी उन्हाळ्यात आशाताईंनी त्यांची थुंकी तपासायला पाठवली होती. काचेवर घेऊन दुर्बिणीखाली बघतात, ती तपासणी. निगेटिव्ह आली होती. आईने तो कागद देवघरातल्या पंचांगात ठेवला होता.

दुर्बिणीची गोष्ट अशी, की एक मिलिलिटर बेडक्यात पाच-दहा हजार जंतू असतील तेव्हा कुठे ते तिथे दिसतात. त्याहून कमी असले तर रिपोर्ट निगेटिव्ह आणि माणूस आजारी, असं होऊ शकतं. निगेटिव्ह म्हणजे टीबी नाही, असा अर्थ आम्ही घेतला. तो कागद हातात देणाऱ्यानेही तोच घेतला होता.

या वेळी अण्णांना ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथे ट्रूनॅट नावाचं मशीन होतं. हे आपल्या गोव्यात, वेर्ण्याच्या मोलबायो कंपनीने काढलेलं. सीबीनॅटचं मशीन अमेरिकेचं. त्याला वीज सतत लागते, खोली गार लागते, म्हणून ते बहुतेक मोठ्या दवाखान्यांत असतं. ट्रूनॅट बॅटरीवर चालतं आणि टेबलाच्या कोपऱ्यात मावतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली.

लॅबमधल्या मॅडमनी अण्णांची डबी उजेडाकडे धरून बघितली आणि परत केली. "ही लाळ आहे. मला बेडका पाहिजे." मग त्यांनी अण्णांना बाहेर, झाडाखाली उभं केलं. पाण्याने चूळ भरायला लावली. दोनदा खोल श्वास घेऊन रोखायला सांगितलं, तिसऱ्या श्वासाला पोटातून खोका म्हणाल्या. अण्णा जरा ओशाळले, पण खोकले. घट्ट, पिवळसर बेडका पडला. "आता कसं," मॅडम म्हणाल्या. उन्हाळ्यातल्या त्या नमुन्याच्या वेळी हे कुणी करून घेतलं होतं का, अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "डबी दिली आणि म्हणाले थुंकून आणा." मशीन कितीही भारी असू दे, डबीत लाळ घातली तर ते बिचारं काय करणार?

मी दारात उभी राहून बघत होते. मॅडमनी बेडक्यात औषध घालून तो पातळ केला. एका डब्यासारख्या यंत्रात घातला, त्यातून डीएनए वेगळं निघतं. मग बारीक नळीने थेंब उचलून नखाएवढ्या चिपवर सोडला. तासाभराने पॉझिटिव्ह. तेच उरलेलं डीएनए दुसऱ्या चिपवर घालून रिफाम्पिसिनचं बघितलं, त्याला आणखी तासभर. रिफाम्पिसिन चालेल असं आलं. सकाळी गेलो होतो. दुपारी जेवायच्या वेळेला रोग कळला, औषध चालणार हेही कळलं आणि गोळ्या हातात मिळाल्या.

मी मॅडमना विचारलं, की उन्हाळ्यात हीच तपासणी का नाही केली? त्या म्हणाल्या, तेव्हा चिपा कमी येत होत्या. ज्यांची काच पॉझिटिव्ह येईल, त्यांच्यासाठी राखून ठेवत होतो. हे ऐकून मला काय बोलावं सुचेना. ज्यांचा टीबी दुर्बिणीला दिसत नाही, त्यांच्यासाठीच तर ते मशीन हवं. पण त्या तरी काय करणार, पाठवणारा वरून पाठवणार.

माझा धाकटा मुलगा तेव्हा चार वर्षांचा. सुट्टीत सतत अण्णांच्या मांडीवर. त्याला तपासलं, आजार नव्हता, पण होऊ नये म्हणून सहा महिने गोळी दिली. रोज गुळात घालून. आईने अण्णांचं ताट-वाटी वेगळी केली. त्याची काही गरज नाही, टीबी ताटातून होत नाही, असं साहेबांनी दोनदा समजावलं. ती हो म्हणायची. ताट वेगळंच राहिलं.

दिवाळीनंतर भाऊ चाकणला परत गेला. गोळ्या तिकडच्या केंद्रातून मिळायची सोय झाली, त्यासाठी नाव ऑनलाइन बदलून घ्यावं लागतं. साहेबांनी ते केलं. सगळं मार्गी लागलं असं वाटलं. नोव्हेंबरच्या मध्याला त्याचा फोन आला. "ताई, टाक्याच्या जागेतून पाणी येतंय. आणि खाली अजून एक गाठ आलीये."

तो घरी आला. ऑपरेशनची खूण फुगलेली, तिच्या टोकातून पू. गळ्याच्या हाडापाशी नवी गाठ, हाताला मऊ लागणारी. ताप नव्हता आणि भूक तर वाढली होती. गोळी एक दिवसही चुकली नव्हती.

इथून खरा गोंधळ सुरू झाला. ऑपरेशन करणारे डॉक्टर म्हणाले, ही गाठपण काढू. दुसऱ्या एका डॉक्टरांनी बघून सांगितलं, की औषधाला दाद देत नाही म्हणजे हा बिघडलेला टीबी असणार. चालू गोळ्यांत एक इंजेक्शन वाढवू. साहेबांना फोन केला तर ते म्हणाले, "काही वाढवू नका, काही बंद करू नका, तपासणी होईपर्यंत." औषध चालत नसेल तर त्यात एकच नवं औषध मिसळणं सगळ्यांत वाईट, कारण जंतू त्यालाही सरावतो.

गोम अशी होती. गाठीच्या टीबीत औषध व्यवस्थित चालत असतानाही गाठी वाढू शकतात, नव्या येऊ शकतात, त्यांत पू होऊ शकतो. मेलेल्या जंतूंवर शरीर चवताळतं म्हणून असं होतं. तेव्हा काही बदलायचं नसतं, पू काढायचा आणि थांबायचं. पण औषधाला न जुमानणारा जंतू असला तरी बाहेरून हेच दिसतं. एकात थांबायचं, दुसऱ्यात सगळं औषधच बदलायचं. आणि त्याच्या जंतूवर औषध चालतं की नाही, हे सुरुवातीला बघितलेलंच नव्हतं. तो तुकडा मेणात बसला होता.

अण्णांच्या जंतूवर रिफाम्पिसिन चालत होतं, मग भावाचाही तोच असेल, असं मी म्हणून बघितलं. साहेब म्हणाले, शक्यता आहे, पण त्याला टीबी अण्णांकडूनच आला हे कशावरून? चाकणला दोन वर्षं तो कुणाकुणाबरोबर राहिलाय. सरकारने २०१४ ते २०१६ मध्ये देशभर पाहणी केली होती, त्यात नव्याच रुग्णांमध्ये शंभरात जवळजवळ तिघांना मुख्य दोन औषधांना न जुमानणारा टीबी निघाला होता. तीन म्हणजे कमीच. पण रात्री झोप येत नसली की तीन हा आकडा कमी वाटत नाही.

त्यात विधानसभेची निवडणूक. २० नोव्हेंबरला मतदान. आधी माणसं निवडणुकीच्या कामाला, मग मतमोजणी. ज्या दिवशी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो त्या दिवशी सुई घालून नमुना घेणारे डॉक्टर होते, पण मशीन चालवणारा माणूस नव्हता. पुन्हा गेलो तेव्हा दोघं भेटले. इथे मात्र मी आधीच विचारून ठेवलं होतं. डॉक्टरांनी सुईने नव्या गाठीतला पू ओढला, हिरवट-पांढरा, बराच निघाला. त्यांनी फॉर्मॅलिनकडे हातही नेला नाही. कोऱ्या, निर्जंतुक डब्यांत दोन भाग केले. एक मशीनला, एक कल्चरला. भाऊ म्हणाला, "एवढंच?" डॉक्टर म्हणाले, "एवढंच. पहिल्यांदाही एवढंच पुरलं असतं." गाठ काढायचीसुद्धा गरज नव्हती म्हणजे.

मशीनला चार कप्पे असतात. चार नमुने आत गेले की दोन तास पाचव्याने थांबायचं. आमचा नंबर दुपारी लागला. संध्याकाळी उत्तर आलं. टीबीचा जंतू आहे, रिफाम्पिसिन चालतं.

मी तिथेच बाकावर बसले आणि आईला फोन लावला. तेवढ्यात डॉक्टरांनी आत बोलावलं. म्हणाले, बातमी चांगली आहे, पण पुरी नाही. हे मशीन डीएनए बघतं. जंतू जिवंत आहे की मेलेला, ते त्याला कळत नाही. दोन महिने गोळ्या खाल्ल्यावर पॉझिटिव्ह येणं म्हणजे औषध चालत नाही असं होत नाही. आणि आयसोनियाझिड हे दुसरं मुख्य औषध चालतं का, ते या तपासणीत येत नाही. औषध सुरू व्हायच्या आधी नमुना मिळाला असता तर गोष्ट वेगळी होती. आता कल्चरची वाट बघायची. जंतू जिवंत असेल तर वाढेल, मग त्यावर बाकीच्या तपासण्या करता येतील. कल्चर ४२ दिवस ठेवतात.

त्या काळात मी रोज सकाळी भावाला फोटो पाठवायला लावायचे, मानेचा, एकाच बाजूने. मोबाईलमध्ये ते फोटो एकाशेजारी एक लावून बघायचे. काही दिवस वाटायचं कमी झालं, काही दिवस वाटायचं वाढलं. कंत्राटदाराने त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला. भाऊ घरातच पडून. अण्णांबरोबर सकाळी गोळ्या घ्यायचा. अण्णांचा खोकला थांबला होता, वजन वाढत होतं, आणि ते भावासमोर स्वतःच्या तब्येतीबद्दल काही बोलत नसत.

जानेवारीत कल्चरचा रिपोर्ट आला. काहीही वाढलेलं नाही. म्हणजे पुवातले जंतू मेलेले होते आणि औषध आपलं काम करत होतं. गाठ शरीराच्या चवताळण्याने आली होती. पू आणखी एकदा सुईने काढला. इंजेक्शन नाही, दुसरं ऑपरेशन नाही, गोळीत बदल नाही. फेब्रुवारीत जखम सुकली. एप्रिलमध्ये सहा महिने पुरे झाले, दोघांच्या गोळ्या बंद झाल्या.

त्याआधी २४ मार्चला ग्रामीण रुग्णालयात टीबी दिनाचा कार्यक्रम होता. अण्णांना बरा होत आलेला रुग्ण म्हणून बोलावलं, त्यांच्याबरोबर मी. रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये याच तारखेला टीबीचा जंतू सापडल्याचं बर्लिनमध्ये जाहीर केलं, हे तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. त्यानंतर शंभरहून जास्त वर्षं आपण काचेवर रंग घालून दुर्बिणीतूनच बघत राहिलो. सीबीनॅटला जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये मान्यता दिली. तरी २०२३ मध्ये जगात ज्यांना नव्याने टीबी निघाला, त्यांच्यापैकी ४८ टक्क्यांचीच पहिली तपासणी अशा नव्या पद्धतीने झाली. म्हणजे तेरा वर्षांनी निम्मेसुद्धा नाहीत. कारणं सांगताना ते किमतीवर बोलले. सीबीनॅटच्या एका कार्ट्रिजला सुरुवातीला सतरा डॉलरच्या आसपास पडायचे, २०१२ मध्ये ते ९.९८ वर आलं आणि २०२३ मध्ये बऱ्याच ओरड्यानंतर ७.९७ वर. कोविडमध्ये हीच मशीन कोविडच्या तपासणीला लावली, तेही सांगितलं. २०२० मध्ये देशातल्या टीबीच्या नोंदी आदल्या वर्षीच्या चोवीस लाखांवरून अठरा लाखांवर आल्या होत्या. रोग कमी झाला नव्हता, शोधणं थांबलं होतं.

किमतीचं खरं असेल. पण आमच्या बाबतीत मशीन जिल्ह्याला होतं, कार्ट्रिज होतं, तपासणी फुकट होती. अडलं होतं ते थिएटरमधल्या सवयीवर. गाठ निघाली की फॉर्मॅलिनमध्ये, हे हाताला इतकं बसलेलं असतं की कुणाला विचारावं लागत नाही. आणि खाजगी डॉक्टरच्या कागदावर सरकारी मशीनचा पत्ता नसतो.

म्हणून आता ओळखीत कुणाची गाठ काढायची असली की मी आदल्या दिवशी फोन करते. डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा, की टीबीची शंका असेल तर एक तुकडा सलाईनमध्ये द्या, तो सीबीनॅटला आणि कल्चरला पाठवायचाय. डबी तुमच्या हातात दिली तर वास घेऊन बघा. डोळ्यांत पाणी आलं तर दुसरी डबी कुठे आहे ते विचारा. नमुना त्याच दिवशी पोचवा. आणि पहिली गोळी खाण्याआधी हे सगळं. तालुक्याच्या टीबी विभागाचा नंबर कुठल्याही सरकारी दवाखान्यात मिळतो.

त्या खाजगी हॉस्पिटलात मी मे महिन्यात गेले होते, भावाच्या कंपनीला जुने कागद हवे होते म्हणून. त्याच सिस्टर होत्या. त्यांना सलाईनचं सांगितलं, कुणावर आरोप न करता. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "डॉक्टर सांगतील तसं आम्ही करतो, ताई." डॉक्टर ऑपरेशनला होते. मी तासभर थांबले, मग एस.टी. चुकेल म्हणून चिठ्ठी लिहून ठेवून आले. ती त्यांना मिळाली का, माहीत नाही.

भाऊ जूनपासून परत चाकणला आहे, दुसऱ्या कंपनीत. दोन वर्षं दर सहा महिन्यांनी दाखवायला जायचंय. पोषण आहाराचे सरकारकडून महिन्याला पाचशे मिळायचे, ते नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. अण्णांचे आले. भावाचे अडकलेत. आधारवर आडनाव एका तऱ्हेने आहे आणि बँकेत दुसऱ्या. साहेब म्हणाले, बँकेतलं बदलून घ्या, ते सोपं पडतं.